चौदा नंबरचं राहिलेलं वाक्य

माझ्या सासूबाईंसमोर वाक्य अर्धवट सोडायची सोय नाही. "मी काय म्हणत होते..." एवढं बोलून तुम्ही थांबलात, की त्या हातातली सुरी तशीच धरून तुमच्याकडे बघत राहतात. भाजी थांबते, तुम्ही घाईघाईने काहीतरी जोडून वाक्य पुरं करता, मग सुरी पुन्हा चालू होते. लग्नानंतर पहिलं वर्षभर मला वाटायचं, बाई भलत्या चोंबड्या आहेत. मग अप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, एकदा मला बाजूला घेऊन कारण सांगितलं, आणि त्या दिवसापासून मी वाक्यं पुरी करायला लागले.

सासूबाई बावीस वर्षं आमच्या लहानशा गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. आताच्या पोरांना सांगून पटत नाही, पण तेव्हा दुसऱ्या गावाला फोन, म्हणजे ट्रंक कॉल, करायचा तर आधी एक्स्चेंजमधल्या बाईला नंबर सांगायचा आणि घरात वाट बघत बसायचं. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा दिवस. ती बाई म्हणजे सासूबाई. कानाला हेडफोन, पुढ्यात भोकांचा उभा बोर्ड, हातात पिनेची दोरी. दिवा लागला की दोरी खुपसायची, नंबर विचारायचा, मोठ्या शहराला हाक मारायची आणि तिकडची बाई आली की दोन माणसं एकमेकांना जोडून द्यायची. तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालून म्हणायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवायचं का?" अजूनही माझा नवरा मित्राशी फोनवर गप्पा हाणत बसला की त्या स्वयंपाकघरातून त्याच आवाजात हे विचारतात, आणि तो चाळिशीतला माणूस दचकून फोन ठेवतो.

मोठ्या शहरातली "तिकडची बाई" म्हणजे चौदा नंबर. लाईनवर नाव सांगायला सक्त मनाई होती, सांगितलं तर लेखी समज मिळायची. बसायच्या जागेचा नंबर हेच नाव. सासूबाई सात, ती चौदा. दिवसातून तीस-चाळीस वेळा एकमेकींशी बोलणं, पण बोलणं म्हणजे काय, तर एक कॉल संपून दुसरा लागेपर्यंतची वीस-पंचवीस सेकंदं. तेवढ्यात चौदा नंबरने एका सिनेमाची गोष्ट सांगायला घेतली होती, ती संपायला महिना लागला. सासूबाईंना बोर्डावरच कळा सुरू झाल्या, तर चौदा नंबरने तिकडून सगळे कॉल अडवून धरले आणि दरडावलं, "सात, उठ आता, शहर मरत नाही तुझ्यावाचून." माझ्या नवऱ्याच्या जन्माची पहिली खबर ज्या बाईला लागली, तिचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नाही. सुरुवातीला विचारायची मनाई होती, आणि पुढे दहा वर्षांनी विचारायचं म्हणजे लाज वाटायला लागली. पत्ताही घेतला नाही. रोज जिच्याशी बोलतो तिला पत्र कोण लिहितं?

दोघींची एक खूणही होती. सुपरवायझर पाठीशी येऊन उभी राहिली की बोलता येत नसे. मग पेन्सिलीचं मागचं टोक माऊथपीसवर वाजवायचं. आधी एक हलकी टिचकी, जराशी जागा, मग एक जोराची. अर्थ असा की मी आहे, पण आत्ता बोलता येत नाही. ही सवय सासूबाईंच्या हाडात मुरली आहे. त्या दूध उतू जाण्यावर डोळा ठेवून असतात किंवा बातम्या ऐकत असतात, आणि तुम्ही हाक मारलीत, तर त्या वळत नाहीत. ओट्यावर बोटाने ठक, आणि मग ठक्क. मी नवी होते तेव्हा मला हा उद्धटपणा वाटून मी नवऱ्याजवळ रडलेही होते. तो म्हणाला, "अगं, ती उत्तर देतेय तुला."

मग एके दिवशी खात्याने सांगितलं, येत्या गुरुवारी दुपारी बारा वाजता सगळं आपोआप होणार. लोक स्वतःच नंबर फिरवतील. त्या गुरुवारी बाराला तीन मिनिटं कमी असताना दोघी लाईनवर आल्या. त्या दिवशी सुपरवायझरनेही कानाडोळा केला. तीन मिनिटं पुरी बोलायला मिळाली, बावीस वर्षांत पहिल्यांदाच, आणि अप्पा म्हणतात त्याप्रमाणे दोघींनी ती हवापाण्यात घालवली. घड्याळाचा काटा बारावर गेला तेव्हा चौदा नंबर म्हणाली, "सात, एक सांगायचं राहिलं..." आणि लाईन गेली.

झालं. पुढे सव्वीस वर्षं त्या एका वाक्याने आमच्या घरात मुक्काम ठोकला. काय सांगायचं असेल? आजार? लग्न? काही अपराध? अप्पांनी थट्टेवारी न्यायची म्हणून निदान शंभर उत्तरं काढली असतील. "तुझं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे, असं सांगायचं असेल." "त्या सिनेमाचा शेवट चुकीचा सांगितला, असं असेल." सासूबाई हसायच्या, आणि हसून झाल्यावर पुसलेली भांडी पुन्हा पुसायला घ्यायच्या.

तीन वर्षांपूर्वी नवऱ्याची बदली त्याच मोठ्या शहरात झाली. आम्ही अकराव्या मजल्यावर राहायला आलो. सासूबाई-अप्पांनी लगेच यावं म्हणून मी कितीदा सांगितलं, पण एकदा अप्पांचा गुडघा, एकदा छपराची दुरुस्ती, एकदा आणखी काही. मला वाटतं, खरी गोष्ट वेगळी होती. सासूबाई घाबरत होत्या. सव्वीस वर्षं जपलेली वस्तू उघडून बघायची, आणि आत काहीच निघालं नाही तर?

शेवटी यंदा आले. दोघांच्याही आयुष्यात या शहरात पाऊल टाकायची ही पहिलीच वेळ. सासूबाई एकाहत्तरच्या, अप्पा पंचाहत्तरचे.

या दोघांना घेऊन शहर बघणं म्हणजे काय, ते मी त्या आठवड्यात शिकले. अप्पा टेलिफोन खात्यातच लाइनमन होते. गावापासून शहराच्या दिशेने साठ किलोमीटर तारेची जबाबदारी त्यांची. उभी हयात खांबावर गेली. त्यामुळे ते रस्त्यात कायम मान वर करून चालतात. इथे सगळ्या तारा जमिनीखाली. वर फक्त काचेच्या इमारती आणि उन्नत रेल्वेचा पूल. "खांबच नाहीत गं," ते दर चौकात म्हणायचे, अगदी हरवल्यासारखे. आणि सासूबाई? त्या डोळे मिटायच्या. भर गर्दीत, रस्ता ओलांडताना! त्यांना शहर ऐकून माहीत होतं, बघून नव्हे. एक वर बघणार, एक डोळे मिटणार, आणि समोरून येणाऱ्या बसकडे बघायचं काम माझ्याकडे. पहिल्याच दिवशी माझ्या नाकी नऊ आले.

त्यात सासूबाईंची खोड अशी की म्हातारी बाई दिसली की तिच्या मागे जाऊन उभं राहायचं. फळवाल्याकडे, स्टेशनवर, लिफ्टमध्ये. ती बोलायची वाट बघायची. बोलली की दोन शब्द ऐकून त्या मान हलवायच्या आणि पुढे चालू लागायच्या. एकीने पर्स छातीशी घट्ट धरून आमच्याकडे असं बघितलं की मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं.

"आई, या शहरात लाखो बायका आहेत हो."

"आवाज एकच आहे," त्या म्हणाल्या. "झोपेतून उठवलंस तरी ओळखेन."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः वाट दाखवायचं ठरवलं. शहरातले जुने नंबर त्यांना तोंडपाठ. बत्तीसने सुरू होणारे नंबर म्हणजे कापडबाजार, तेहतीसने सुरू होणारे म्हणजे मोठं हॉस्पिटल आणि आजूबाजूचा भाग. "आधी कापडबाजार बघू, मग हॉस्पिटल. शेजारीशेजारीच आहेत."

"तुम्हाला कसं माहीत?"

"बत्तीसनंतर तेहतीसच येणार ना?" हे त्यांनी अशा खात्रीने सांगितलं की मीही मान डोलावली. माझंच चुकलं. कापडबाजारात आम्ही अर्धा दिवस चाललो. त्यांनी एका गल्लीत थांबून जुना नंबर म्हटला आणि सांगितलं, "इथला मालक फार चिडका होता. पण मुलीला मूल झालं त्या दिवशी फोनवर हुंदके देऊन रडला. मी तीन मिनिटं झाल्याचं सांगितलंच नाही." आता तिथे मोबाईलची कव्हरं टांगली होती. मग आम्ही 'शेजारच्या' हॉस्पिटलकडे निघालो. पाऊण तास चालल्यावर मी मोबाईलमध्ये नकाशा बघितला, तर हॉस्पिटल शहराच्या दुसऱ्या टोकाला, चौदा किलोमीटर लांब. अप्पा फुटपाथवरच्या कठड्यावर बसले, बूट काढले आणि हसत सुटले. "सूनबाई, बावीस वर्षं ही बया लोकांना या शहरात पोचवत होती!"

सासूबाई हसल्या नाहीत. कठड्यावर अप्पांशेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या डोक्यात हे सगळं इतकं जवळजवळ होतं." नंतर टॅक्सीत घरापर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला त्यांची दया आली. त्यांच्या शहरात कापडबाजार, हॉस्पिटल, बँका, शाळा, सगळं एका बोर्डावर हातभर अंतरात होतं, आणि मधोमध चौदा नंबर बसली होती. हे खरं शहर त्या मानाने फारच मोठं निघालं.

तिसऱ्या दिवशी आम्ही जुनं एक्स्चेंज शोधून काढलं. इमारत उभी होती, पण वरचे मजले एका विमा कंपनीने घेतले होते. सासूबाईंनी दारावरच्या रखवालदाराला सरळ विचारलं, "ट्रंकच्या चौदा नंबर कुठे भेटतील?" तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी सगळं समजावून सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "खालच्या हॉलमध्ये या आठवड्यात पेन्शनवाले येतायत. वर्षातून एकदा स्वतः येऊन जिवंत असल्याची सही करायची असते. टेलिफोनवाल्यांचा वार मंगळवार. नाव माहीत असेल तर क्लार्क बघून देईल."

"नाव नाही माहीत," सासूबाई म्हणाल्या, आणि मी पहिल्यांदाच त्यांना एखाद्या परक्यासमोर ओशाळलेलं पाहिलं.

मंगळवारी मी सुट्टी घेतली. मी दंतवैद्यांसाठी कवळ्या घडवते. दिवसभर लोकांची तोंडं बघणं हाच माझा धंदा, आणि सुट्टी मागितली की मालकाचं तोंड कसं होतं तेही मला चांगलं ठाऊक आहे. पण गेले. हॉल लांबट, भिंतीलगत लाकडी बाकं, समोर एक खिडकी आणि खिडकीवर टोकनचे लाल आकडे. म्हातारी माणसं कागद सांभाळत बसली होती. सासूबाईंनी आत शिरल्याशिरल्या विचारलं, चौदा नंबरचं टोकन कुणाकडे आहे? ते निघालं एका टकल्या गृहस्थाकडे. तो केबल खात्यातला होता आणि टोकन सोडायला तयार नव्हता.

मग क्लार्ककडे. क्लार्क तरुण, स्वभावाने बरा. "आजी, माझ्याकडे नावं आहेत, पेन्शन नंबर आहेत. कोण कुठल्या खुर्चीवर बसायचं ते कसं असणार? आणि हल्ली तर हे सगळं घरबसल्या मोबाईलवर होतं. आम्ही सांगून थकलो, पण ही जुनी माणसं ऐकत नाहीत, येतातच. बसा तुम्ही, बघा कुणी ओळखीचं दिसतंय का."

"दिसणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "ऐकू येईल."

त्या दाराजवळच्या बाकावर बसल्या आणि डोळे मिटून घेतले. येणारा-जाणारा प्रत्येक जण तिथूनच जाणार, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक बाई आधीच बसली होती. अंगाने भरलेली, मनगटावर पुरुषी घड्याळ, मांडीवर छत्री. सासूबाईंनी डोळे मिटण्याआधी तिला नम्रपणे विचारलं होतं, "आपण कुठल्या खात्यात होता?" बाई समोरच्या आकड्यांकडे बघत राहिली. उत्तर नाही, मान हलवणं नाही. सासूबाईंनी माझ्याकडे बघून ओठ मुडपले. शहरातली माणसं!

दहा वाजल्यापासून एक वाजेपर्यंत. मी दाराला टेकून उभी. अप्पा बाहेर जाऊन इमारतीची जुनी तारांची पेटी शोधून आले, ती सापडल्याचं चारचौघांना सांगून झालं, दोन कप चहा झाला. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. आत येणाऱ्या बायका "रांग कुठली हो?", "फोटो लागतो का?" असं काहीबाही बोलत, आणि दर आवाजाला सासूबाईंची हनुवटी किंचित वर होई, मग खाली येई. मी मोजत नव्हते, पण खूप वेळा झालं. साडेबारानंतर हनुवटी वर व्हायला वेळ लागायला लागला. मला त्यांना उचलून घरी न्यावंसं वाटत होतं, आणि त्याच वेळी वाटत होतं की अजून एक बाई येऊ दे, फक्त एक.

एक वाजता अप्पांनी दारातून हाक मारली. "अगं, चल आता. खिडकी बंद होईल. आपण आणखी कुठे विचारू."

नेमकी तेव्हाच दोन बायका आपसात बोलत आत येत होत्या. सासूबाईंना त्यांचं ऐकायचं होतं. त्यांनी डोळे उघडले नाहीत. नुसतं बाकाच्या फळीवर बोटाने वाजवलं. ठक. आणि मग ठक्क.

आणि फळीवर उत्तर आलं. ठक. ठक्क.

मला आधी वाटलं, अप्पांनी थट्टा केली. पण अप्पा दारात होते आणि त्यांचे दोन्ही हात चहाच्या कपांनी भरलेले होते. सासूबाईंनी डोळे उघडले. पलीकडची ती बाई आता आकड्यांकडे बघत नव्हती. तिचा हात बाकावर होता, फळीवर पालथा, आणि ती स्वतःच्या हाताकडे बघत होती. मग तिने मान वर केली आणि सासूबाईंकडे पाहिलं. डोळ्यांकडे नाही. तोंडाकडे. ही नजर माझ्या ओळखीची आहे. कवळीच्या मापाला येणारी ऐकू न येणारी माणसं अशीच ओठांकडे बघतात.

"आई," मी म्हणाले, "त्यांना ऐकू येत नाही."

सासूबाईंनी पुन्हा एकदा वाजवलं. या वेळी हळू.

"सात?" ती बाई म्हणाली. तिचा आवाज मोठा होता, सपाट, चढउतार नसलेला, बरीच वर्षं स्वतःचा आवाज न ऐकलेल्या माणसाचा. सगळा हॉल वळून बघायला लागला. क्लार्कने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. झोपेतून उठवलं तरी ओळखेन म्हणणाऱ्या माझ्या सासूबाईंना हा आवाज अजिबात ओळखता आला नाही. आणि तीन तास त्या तिच्याच शेजारी बसून, डोळे मिटून, तिला शोधत होत्या.

"काखेत कळसा," अप्पा पुटपुटले, आणि पुढचं त्यांच्याने म्हणवलं नाही.

मग काय झालं ते नीट क्रमाने सांगता येणार नाही. दोघी एकदम बोलत होत्या, आणि एकीलाच दुसरीचं ऐकू येत होतं. चौदा नंबरने सासूबाईंचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि ओरडून म्हणाली, "मला वाटलं होतं तू उंच असशील!" सासूबाईंनी तिला कायम काडीसारखी किडमिडीत धरलं होतं. दोघींचा अंदाज सपशेल चुकलेला. कानांकडे बोट दाखवून विचारलं तर तिने हात झटकला. "दहा वर्षं झाली. डॉक्टर म्हणतात वय. मी म्हणते, अख्ख्या शहराची भांडणं या कानांत ओतली, ते किती टिकणार?" लग्न तिने केलं नव्हतं. भावाकडे राहत होती.

मग ती अचानक थांबली, आणि माझ्याकडे आणि अप्पांकडे वळून तिने विचारलं, "हिचा आवाज कसा आहे आता? तसाच आहे का?"

मी काय सांगणार? मी तो आवाज तेव्हा ऐकलेलाच नव्हता. अप्पा पुढे आले. त्यांनी चहाचे कप बाकावर ठेवले, तिच्यासमोर वाकले, आणि ओठ नीट हलवत एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "तसाच. आहे. अगदी. तसाच." ते खोटं बोलत होते. सासूबाईंचा आवाज गेल्या पाच-सहा वर्षांत चिरकला आहे, हे अप्पाच मला कितीदा चिडवून सांगतात. चौदा नंबरने ते ओठांवरून वाचलं, डोळे मिटले आणि मान डोलावली. बहुतेक ती तो आवाज आठवून बघत होती.

सासूबाईंनी माझ्यापुढे हात केला. "पेन दे."

क्लार्कने न मागता एक कोरा फॉर्म दिला. सासूबाईंनी त्याच्या मागच्या बाजूला लिहिलं, भराभर, एका दमात, जशी त्या ट्रंक कॉलच्या नोंदीची तिकिटं लिहायच्या: "शेवटच्या दिवशी तू म्हणालीस, एक सांगायचं राहिलं. आणि लाईन गेली. काय सांगायचं होतं?"

हे एवढंसं लिहायला सव्वीस वर्षं लागली होती. चौदा नंबरने छत्री बाजूला ठेवली, चष्मा शोधला, पुसला, लावला. अप्पांनी माझं मनगट धरलं होतं, ते मला नंतर दुखायला लागल्यावर कळलं. तिने एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग कागद खाली ठेवून ती सासूबाईंकडे अशी बघत राहिली, की मला वाटलं, संपलं, हिला आठवतच नाही.

"मी?" ती म्हणाली. "मी कुठे? तू म्हणालीस!"

सासूबाईंनी जोरात मान हलवली.

"तूच! 'चौदा, एक सांगायचं राहिलं', असं म्हणालीस आणि खट्ट. मी दोरी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. सुपरवायझरने माझ्या कानावरून हेडफोन उतरवला तेव्हा कुठे उठले." आता तिचा तो सपाट आवाजही फाटला. "दर वर्षी, या मंगळवारी, मी इथे का येते वाटतं तुला? सही तर भाचा मोबाईलवर करून देतो म्हणतो. मी येते, सकाळपासून दुपारपर्यंत बसते. म्हटलं, सात कधीतरी येईल. तिचं सांगायचं राहिलंय."

खिडकीवर लाल आकडा बदलला, पण कुणी उठलं नाही. दोघींपैकी कोण बरोबर, हे सांगणारं आता जगात कुणी नव्हतं. जी तार ते वाक्य घेऊन गेली, ती अप्पांनी स्वतःच्या हाताने कधीच गुंडाळून जमा करून टाकली होती.

"बरं, तू तर तू," चौदा नंबर म्हणाली. तिने डोळे पुसले, बाकावर सरकून सासूबाईंच्या अगदी समोर बसली आणि त्यांच्या ओठांवर नजर लावली. "आता सांग. काय सांगायचं होतं?"

माझ्या सासूबाई, ज्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला वाक्य अर्धवट सोडू दिलं नाही, त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. शब्द आला नाही. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. चौदा नंबर थांबली होती, घाई न करता, पलीकडच्या नंबरावर कुणी उचलायची वाट बघतात तशी.

मग सासूबाईंनी तिचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, तळवा उघडला, आणि त्यावर बोटाने वाजवलं. आधी एक हलकी. जराशी जागा. मग एक जोराची.